मोडझरच्या गोगलगायी

सून घरात येऊन पुरता आठवडा झाला नव्हता, आणि मी तिच्यावर खेकसले. कारण काय, तर तांब्याची कळशी.

राणल लग्नाहून येताना एक मातीचं मडकं घेऊन आली होती. तोंडाला फडकं बांधलेलं, कच्छपासून पुण्यापर्यंत मांडीवरून खाली न ठेवलेलं. आमच्याकडे करवली कऱ्हा घेऊन नवरीमागे उभी असते, तसलंच काहीतरी शकुनाचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. ते मडकं ओट्यावर पाझरत होतं. मी माझ्या आईची जतची कळशी काढली, चिंचेनं घासून लखलखीत केली. म्हटलं, सुनेच्या माहेरचं पाणी आहे, मानानं ठेवावं. मडकं तिरपं करणार, तोच राणलनं माझं मनगट धरलं.

"आई, तांब्यात नको."

"का गं? कल्हई लागत नाही याला. पाण्यासाठीच आहे."

"तांब्यात पाणी मरतं."

"पाणी मरतं? भुजला नर्सिंग शिकलेली मुलगी ना तू? तांब्यात पाणी शुद्ध होतं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

हे मी चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले, आणि वाक्य संपायच्या आत माझंच मला ऐकू आलं. पाणी काही मरत नाही. पाण्यातलं काहीतरी मरतं. आणि तांब्याच्या नुसत्या अंशानं काय मरतं हे मी उभा जन्म वर्गात शिकवत आले होते. गोगलगाय मरते.

मी मडकं खाली ठेवलं, फडकं सोडलं आणि आत डोकावले. वीतभर खोल, स्वच्छ पाणी. बुडाशी शेवाळाचा एक पुंजका. भिंग आणून बघितलं तर त्या शेवाळावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके होते, आणि त्यातला एक ठिपका चालत होता.

"राणल," मी म्हटलं, "हे काय आहे ते मला खरंखरं सांग."

तिनं फडकं उचलून पुन्हा मडक्याला बांधलं. तिचं तोंड एवढं एवढंसं झालं होतं.

आता तुम्हाला माझा धंदा सांगायला हवा. मी कुमुद हिंगमिरे. पुण्याच्या एका भूजल संस्थेत शिकवते आणि संशोधन करते, विषय गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी विषय सांगितला की लोक हसतात. "गोगलगाय न् पोटात पाय," असं हमखास कुणीतरी म्हणतं. मी म्हणते, अगदी बरोबर बोललात, तिचा पाय पोटालाच असतो. मग ते गप्प बसतात आणि मी जिलबी खाते.

पण या गोगलगायी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. कच्छच्या रणाच्या काठाला, जिथं नजर जाईल तिथं मीठ आणि भेगा, तिथं जमिनीतून नऊ झरे वर येतात. झरा म्हणजे तरी किती, सगळ्यात मोठा आपल्या लग्नातल्या परातीएवढा. तळाची वाळू उकळल्यासारखी हलत असते आणि पाणी गार असतं. प्रत्येक झऱ्याला धरून एक गाव. आणि त्या परातीएवढ्या पाण्यात ही गोगलगाय. ती कल्ल्यांनी श्वास घेते. पाण्याबाहेर, त्या उन्हात, चहा निवायच्या आत ती मरते. तिला चिखलात लपून झोपता येत नाही, पक्ष्याच्या पायाला चिकटून लांब जाता येत नाही. दोन झऱ्यांमधलं सात-आठ कोसांचं वाळवंट तिला कधीच ओलांडता येणार नाही.

मग ती तिथं आली कशी? पुस्तकातलं उत्तर असं: ती गेलीच नाही कुठं. हा सगळा प्रदेश हिरवा होता, नद्या होत्या, तेव्हापासून ती आहे. पाऊस गेला, नद्या गेल्या, हत्ती आणि गेंडे गेले, ती राहिली. तिच्या आईच्या आईच्या आईच्या काळापासून, हजारो वर्षांत, त्या परातीतलं पाणी एक दुपारसुद्धा आटलेलं नाही. कारण एक दुपार आटलं असतं तर ती नसती. पहिल्यांदा हे मला उमगलं तेव्हा मी झऱ्याकाठी उकिडवी बसले होते, आणि तिथंच मांडी घालून बसले. राजांची राज्यं पाचशे वर्षं टिकली तर आपण पुतळे उभारतो, आणि इथं मोहरीएवढ्या जिवाचं घराणं पाण्याचा शब्द धरून बसलं होतं आणि पाण्यानं शब्द मोडला नव्हता.

गेल्या काही वर्षांत आमच्या हाती एक यंत्र आलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मी त्याला हेळवी म्हणते. आमच्या जतकडे सुगीनंतर नंदीबैल घेऊन हेळवी येतो, दारात बसून तुमच्या घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणून दाखवतो: कोण कुठून आला, कुणाची शाखा कधी फुटली. हे यंत्र तेच करतं. झऱ्याचं पेलाभर पाणी त्यात घाला. गोगलगायींची बुळबुळ, कातडीचे कण त्यात असतातच. त्यातली अनुवंशाची लिपी यंत्र वाचतं. ही लिपी पिढी-दर-पिढी नकलली जाते आणि नक्कल करताना थोड्या चुका होतात, साधारण ठरावीक वेगानं. दोन झऱ्यांतल्या चुका ताडून बघितल्या की कळतं, ही दोन घराणी वेगळी कधी झाली, आणि वेगळं घर थाटायला किती जणी निघाल्या होत्या.

हेळव्यानं नऊ झऱ्यांचा नकाशा काढला तेव्हा आमच्या संस्थेत पेढे वाटले गेले. सगळ्यात वरच्या अंगाला मोडझर, आणि तिथून बाण खाली खाली, रणाकडे, लूणवटपर्यंत. मोडझरच्या गोगलगायींच्या लेकी खालच्या आठही झऱ्यांत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गोगलगाय वाळवंट ओलांडत नाही. मग ती जमिनीखालून गेली असली पाहिजे. म्हणजे खाली गोड्या पाण्याचा एक प्रचंड साठा आहे, उतारानं वाहतोय, नऊ झरे ही त्याची नऊ तोंडं, आणि मोडझर त्याचा उगम. मी तसं लिहिलं आणि खाली सही केली.

रणात सूर्याच्या उन्हावर हायड्रोजन करण्याचा मोठा कारखाना उभा राहत होता. त्याला गोडं पाणी हवं होतं. माझा अहवाल वाचून त्यांनी मोडझरलाच विहीर पाडली, पंप बसवला. गावकरी आधी तयार नव्हते. पण तोवर आमच्या चन्नवीरचं, म्हणजे माझ्या मुलाचं, राणलशी जमलं होतं. तो त्याच कारखान्याच्या सौर पट्ट्यांचं काम पुण्याहून येऊन-जाऊन बघतो. राणलचे वडील हमीरभाई गावातले मोठे. त्यांनी मला सरळ विचारलं, "वेवाण, तुम्ही सांगा. पाणी आटेल?" त्यांच्याकडे विहिणीला वेवाण म्हणतात. मी म्हटलं, "निर्धास्त राहा. मोडझर आटायचा नाही." त्यांनी माझ्या शब्दावर गावाचा होकार आणला. आता पंपाचा मुहूर्त तोंडावर आला होता, नऊही गावांना आमंत्रण होतं, आणि बटण दाबायचा मान माझा होता.

आणि माझ्या ओट्यावर मडकं पाझरत होतं.

राणलनं शेवटी सांगितलं, पण दार लावून घेऊन, कुजबुजत. मुलगी सासरी निघाली की तिची आई एकटी झऱ्यावर जाते, शेवाळाशी मडकं धरून भरते. मुलगी ते घेऊन जाते आणि सासरच्या झऱ्यात ओतते. पुरुषांपुढं हे काढायचं नाही, आपापसांतही बोलायचं नाही. बोललं तर पाणी रुसतं.

"आणि मुलगी कुठल्या गावाला देता?"

"खालच्याच. रणाच्या अंगाला. जिथं लेक दिली तिथली सून करत नाहीत. आमच्या मोडझरला सुना डोंगरातून येतात, तिकडं झरे नाहीत. माझी मा रिकाम्या हातानं आली." मग ती अवघडून म्हणाली, "मी तुम्हाला रोज विचारणार होते, तुमचं पाणी कुठंय. पण इथं तर नळच आहेत. म्हणून ठेवलंय जपून."

मी नकाशा आणून ओट्यावर पसरला. पाणी उतारावर जातं, आणि त्यांच्या मुलीही उतारावरच दिल्या जात होत्या. मी मुलींना पाणी समजले होते.

आणि खूण माझ्या डोळ्यांपुढं होती की. हेळव्यानं दर बाणापाशी आकडा दिला होता: नवं घर थाटायला निघालेल्या पाच, सात, कुठं चार. मी लिहून टाकलं, खडकातल्या फटी अरुंद असतील. उंटावरची शहाणी. जमिनीखालची नदी काय पाच-सात गोगलगायी मोजून नेते? नेईल तर लाखांनी नेईल. पाच-सात मावतील एवढं पाणी फक्त मडक्यात असतं.

म्हणजे खाली साठा नव्हताच. असलाच तर नऊ वेगवेगळ्या वाट्या होत्या, आणि मोडझरची वाटी किती खोल हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या वाटीत आम्ही कारखान्याचा पंप घातला होता. माझ्या सहीनं.

दुपारी मी प्रयोगशाळेत गेले आणि हेळव्याला सगळं पहिल्यापासून वाचायला लावलं. या वेळी सांगितलं, पाणी विसर. कुणीतरी उचलून नेलं असं धर, आणि प्रत्येक खेप मला वेगळी दाखव: कुठून, कुठं, केव्हा, किती.

यादी येत राहिली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या खेपा. साठ वर्षांपूर्वीच्या. दीडशे, चारशे, हजार. मला वाटलं आता थांबेल, तर दोन हजार. मग तीन. सगळ्यात जुनी खेप चार हजार वर्षांच्या पलीकडची होती, मोडझरहून खाली, पाच गोगलगायी. तेव्हा रणात समुद्राचं पाणी होतं. तेव्हाच्या माणसांची लिपी आज कुणाला वाचता येत नाही. त्यांचे देव कोण, त्यांचं राज्य कुणाचं, काही काही माहीत नाही. पण त्यांच्यातली एक मुलगी लग्न होऊन सासरी निघाली होती, आणि तिच्या आईनं शेवाळाशी मडकं धरलं होतं, हे माझ्यासमोर पडद्यावर होतं. मी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, माहेरची माणसं भेटली.

एकच बाण बाकीच्यांहून वेगळा होता. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा, लूणवटहून मोडझरला. खालून वर. सगळ्या यादीत हा एकच उलटा. नमुन्यांच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून मी तो बाजूला ठेवला.

घरी चन्नवीरला मडक्याचं न काढता एवढंच सांगितलं, नकाशा चुकलाय, पंप थांबवायला हवा. तो आधी हसला, मग चिडला. "आई, त्या बटणावर माझी नोकरी आहे."

"त्या बटणाखाली तुझ्या बायकोचं माहेर आहे."

"आणि तुझं नाव? सगळ्या जगानं तो नकाशा छापलाय. हसतील तुला."

"हसू देत. गोगलगायीवर हसायची लोकांना सवयच आहे."

त्यानं खुंटीवरची किल्ली काढली. मग म्हणाला, "गाडी मी चालवतो." आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण पोरगं माझं आहे, तेवढं मला माहीत होतं.

कारखान्याचा पाण्याचा अधिकारी केयूर अंजारिया. सभ्य तरुण, मला मानणारा. त्याला फोन करून म्हटलं, नकाशा चुकलाय, पंप थांबवा.

"पुरावा काय, मॅडम?"

"तो मला सांगता येत नाही."

"मॅडम, मी वरती असं कळवू का, की ज्यांच्या सहीवर विहीर पाडली त्या म्हणतात चूक झाली आणि का ते सांगत नाहीत?" नुसत्या आकड्यांवर त्याचे वरिष्ठ हलणार नव्हते, आधीचे आकडेही माझेच होते. "तुम्ही बटण दाबलं नाहीत तर सरपंच दाबतील," तो म्हणाला, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

सांगता येत नव्हतं कारण राणलनं माझ्याकडून शब्द घेतला होता. मी तिची खूप विनवणी केली. म्हटलं, एकदा बोला बायांनो, पाणी रुसेल म्हणून गप्प बसाल तर पाणी जाईलच. ती मान हलवत राहिली. शेवटी गाडीत, कच्छ लागल्यावर, ती आपणहून माझ्या कानाशी म्हणाली, "तुम्ही सांगायचं नाही. आम्हीही सांगणार नाही. पण यंत्राला कुणी गप्प राहायला सांगितलेलं नाही."

मडकं तिच्या मांडीवरच होतं. पुण्यात ते कुठं ओतणार? ते तिनं बरोबर घेतलं होतं.

मोडझरला पोचलो तेव्हा मांडव सजला होता. वालबाई, म्हणजे राणलची आई, दारात आल्या. लेकीला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि मडकं बघून विझला. न ओतता माघारी आणलेलं पाणी म्हणजे त्यांच्यात काय ते मला तेव्हा कळलं: लग्न मोडलं, सासरनं लेक टाकली. जावई गाडी लावत होता, तो दिसत असूनही त्यांच्या मनातून ते जाईना.

"माघारी आलेलं पाणी उंबऱ्याच्या आत येत नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "तिथं बस." मग माझ्याकडे वळल्या. "वेवाण, एवढ्या मोठ्या शहरात माझ्या लेकीच्या घोटभर पाण्याला जागा मिळाली नाही?"

राणल अंगणातल्या पिलूच्या झाडाखाली मडकं घेऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्याकडे न बघता पुढं जात होत्या. चन्नवीर जाऊन तिच्याशेजारी मातीत बसला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, आणि त्या रागाचा काही उपयोग नव्हता.

मांडवात पुढं पुरुष बसले होते, मागं नऊ गावांच्या बाया, ओढण्या तोंडावर. हमीरभाईंनी माझं स्वागत केलं, गळ्यात सुताचा हार घातला. मंचावर लाल बटणाची पेटी होती. अंजारिया तिच्याशेजारी उभा होता, माझ्याकडे काळजीनं बघत.

मी लॅपटॉप उघडून त्याच्या पडद्यावर हेळव्याची यादी लावली आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. "बटणाच्या आधी," मी म्हटलं, "मोडझरच्या गोगलगायींबद्दल यंत्र काय म्हणतं ते वाचते. मी काही सांगणार नाही. यंत्र सांगतंय तेवढंच."

पुरुषांत खसखस पिकली. मी वाचायला लागले.

"मोडझरहून लूणवट. वीसएक वर्षांपूर्वी. सहा गोगलगायी."

कुणी हललं नाही. "मोडझरहून थारी. तीसेक वर्षांपूर्वी. पाच." काही नाही. "वाघझरहून लूणवट. पस्तिसेक वर्षांपूर्वी. सात." हमीरभाई हलक्या आवाजात म्हणाले, "वेवाण, हे काय चाललंय?" मी वाचत राहिले. आणि मागं, लूणवटच्या बायकांत, एक बाई उठून उभी राहिली. ओढणी तोंडावर होती. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली.

मग थारीची एक. तिच्यामागं आणखी एक. मी खेपा वाचत गेले आणि बाया उभ्या राहत गेल्या, ज्या त्या गावातून, ज्या त्या वयाची. चाळीस वर्षांपूर्वीचं वाचलं तेव्हा उठली ती हमीरभाईंची सख्खी बहीण होती. त्यांनी वळून बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. साठ वर्षांपूर्वीचं वाचलं तेव्हा एका म्हातारीला दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. पुरुषांची कुजबुज बंद झाली होती. एकाही बाईनं एक शब्द उच्चारला नव्हता, आणि नऊ गावांत आता कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं.

अंजारिया माझ्या पडद्याकडे बघत होता आणि मांडवाकडे बघत होता. खेप आणि बाई, खेप आणि बाई. तो हुशार मुलगा आहे. त्याचा रंग उतरत गेला.

नव्वद वर्षांपूर्वीच्या खेपेला उभं राहायला कुणी उरलेलं नसणार असं मला वाटलं. पण एक सून उठली, आपल्या आजेसासूसाठी. मग तशाच आणखी. दीडशे वर्षांपूर्वीचं वाचलं, कुणाला नाव माहीत नाही, तरी त्या त्या गावच्या बाया उठल्या. चारशे. हजार. अडीच हजार. आता सगळ्या उभ्या होत्या. मी चार हजार वर्षांपलीकडची ती पहिली खेप वाचली, मोडझरहून, पाच, आणि मान वर केली. मी घाटात उभी राहिले आहे, समुद्रकिनारी उभी राहिले आहे, पण इतकं मोठं काही मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. समोर दोनशे-तीनशे बाया होत्या, आणि त्यांच्यामागं जिथवर यंत्राची नजर जात होती तिथवर रांग होती.

एकच ओळ राहिली होती. वगळावी असं वाटलं, पण यंत्र सांगेल ते वाचायचं असं मीच म्हटलं होतं.

"लूणवटहून मोडझर. नऊशे वर्षांपूर्वी. चार."

मागं चुळबुळ झाली. लूणवटची मुलगी मोडझरला? असं होत नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात वालबाई, ज्या इतका वेळ खांबाला धरून उभ्या होत्या, पहिल्यांदा बोलल्या. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"ती सून नव्हे. लेक. मोडझरचीच लेक होती, परत आली."

मी पडद्याकडे वळले. हेळव्याला विचारलं, आज मोडझरच्या झऱ्यात तिच्या खेपेच्या आधीच्या घराण्यातल्या किती आहेत? उत्तर आलं. एकही नाही. झऱ्यातली प्रत्येक गोगलगाय त्या चौघींची.

"अंजारिया," मी म्हटलं, आणि ध्वनिक्षेपक हातात आहे हे विसरले, त्यामुळे सगळ्या मांडवानं ऐकलं. "मोडझर आटला होता. नऊशे वर्षांपूर्वी. पुरता आटला होता, सगळ्या मेल्या होत्या. तेव्हा ना पंप होता, ना कारखाना. पाणी पुन्हा आलं ते मोकळं आलं, एकही गोगलगाय नसलेलं. यांच्याच लेकींनी जे खाली नेऊन जपलं होतं, त्यातलं एकीनं परत आणून ओतलं." मग मी हमीरभाईंकडे वळले. "व्याही, मी तुम्हाला म्हटलं होतं मोडझर आटायचा नाही. ते खोटं आहे. तो आटतो. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले."

हमीरभाई बसलेले होते, तेही उठून उभे राहिले.

अंजारियानं पेटीची वायर काढली. पंपाच्या खोलीला कुलूप घातलं, चावी आणून हमीरभाईंच्या हातावर ठेवली. "समुद्राचं पाणी गोडं करून घेऊ," तो मला म्हणाला. "महाग पडेल. वरती काय सांगायचं ते मी सांगतो. आता माझ्याकडे पुरावा आहे." मग त्यानं मागं वळून उभ्या बायकांकडे बघितलं आणि हात जोडले.

बाया हळूहळू पांगल्या. वालबाई मात्र मांडवातून सरळ अंगणात गेल्या. मी अंतर ठेवून मागं गेले. राणलला झाडाखालून सगळं ऐकू गेलं होतं, तरी ती मडक्याला दोन्ही हातांनी धरून तशीच बसली होती.

"ऊठ," वालबाई म्हणाल्या. "घरात चल. ते घेऊन चल."

राणल उठेना. "मा, माघारी आणलेलं आहे."

"तिनंही माघारीच आणलं होतं," वालबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून लेकीच्या दंडाला धरून तिला उभं केलं, जावयाला डोळ्यानं खुणावलं, आणि तिघं उंबरा ओलांडून आत गेली.